प्रकल्प नोंदी: हिल स्ट्रीटचं फायर स्टेशन, आमच्या गल्लीत

२२ जून २०२५, रविवार

आमच्या नाशिकच्या मंडळाच्या यंदाच्या गणपती देखाव्याचा विषय ठरला. केदारनाथ झालं, राजवाडा झाला, मागच्या वर्षी गुहा झाली. त्या गुहेचे पुठ्ठे अजून माळ्यावर पडून आहेत आणि उंदरांची सोय झाली आहे. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले काका बैठकीला आले होते. ते म्हणाले, "गल्लीत सागवानी वाडे किती उरलेत ते मोजा. त्यातल्या किती वाड्यांत मीटरच्या बोर्डाखाली गॅसची टाकी ठेवलीय तेही मोजा. करायचाच तर फायर स्टेशनचा देखावा करा." कुणी वाद घातला नाही.

कुठलं स्टेशन, यावर मात्र चहाचे दोन राउंड झाले. काकांचा ओढा भायखळ्याकडे, मुंबई दलाचं मुख्यालय म्हणून. पोरांनी मोबाईलवर सिंगापूरचं सेंट्रल फायर स्टेशन काढून दाखवलं. हिल स्ट्रीटवर, फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पायथ्याशी. १९०८ मध्ये बांधून झालं, १९०९ मध्ये सुरू झालं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं. तांबड्या विटा, त्यात पांढरे पट्टे आणि वर मनोरा. १९९८ मध्ये ते तिथलं राष्ट्रीय स्मारक झालं, २००१ पासून आत संग्रहालयही आहे. तरीही बंब तिथून सुटतातच. आपल्याकडे स्मारक म्हटलं की कुलूप आणि गंजका फलक. तिथे स्मारकाची दारं आगीचा कॉल आला की उघडतात. काकांना हे पटलं आणि भायखळा मागे पडलं.

त्यांची एकच अट: देखाव्यात दार उघडून बंब बाहेर आला पाहिजे. बाकी सजावट असो वा नसो.

बजेट १८,००० रुपये.

२९ जून

मापं. हे काम आम्ही उलट्या क्रमाने केलं, तुम्ही करू नका. फोटोंवरून इमारत कागदावर उतरवली, एकास पंधरा हे प्रमाण धरलं आणि मग मेन रोडला खेळण्यातला बंब शोधायला गेलो. आजचा बंब साधारण अडीच मीटर रुंद, म्हणजे या प्रमाणात खेळणं जवळपास १७ सेंटिमीटर रुंद हवं. एवढं मोठं मिळतं ते रिमोटवालं, आणि त्याची किंमत ऐकून खजिनदार दुकानाच्या पायरीवरच बसले. बऱ्यापैकी दिसणारा धातूचा बंब ११ सेंटिमीटर रुंद निघाला, ६५० रुपयांना एक. तीन घेतले आणि इमारतच एकास साडेबावीसवर आणली. आराखडा पुन्हा काढावा लागला.

आधी गाडी विकत घ्या, मग दार मोजा, मग इमारत. फायर स्टेशनला हाच क्रम बरोबर आहे. काका म्हणाले, खऱ्या स्टेशनातही दार आणि गाडी यांचंच भांडण चालतं. शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्या बघून बांधलेल्या दारातून आजची साडेचार हजार लिटर पाण्याची गाडी काढायची, म्हणजे ड्रायव्हरला आरसे जपावे लागतात.

दर्शनी बाजू ७ फूट, मनोरा जमिनीपासून साडेचार फूट. खालच्या मजल्यावर बंबांची कमानदार दारं पाचच ठेवली. ही प्रतिकृती हुबेहूब नाही. तसा दावा फलकावरही करायचा नाही, हे ठरलं.

एक सूचना. फोटो शोधताना त्याच रस्त्यावरची रंगीबेरंगी खिडक्यांची मोठी इमारत सारखी समोर येते. ती जुन्या पोलिस ठाण्याची, १९३४ ची. आमच्या एका पोराने अर्धी संध्याकाळ तिच्याच खिडक्या मोजल्या.

५ जुलै

सांगाडा. थर्माकोल बाद, कारण २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. बंदी नसती तरी फायर स्टेशनच्या देखाव्यात थर्माकोल लावला असता तर काकांनी मंडळ सोडलं असतं. १९ मिलिमीटर प्लायचा पाट, भिंतींना ६ मिलिमीटर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा दाबलेला बोर्ड. प्लाय आणि एमडीएफ मिळून ५,४००. कमानी हाताने कापायचा प्रयत्न केला, दोन ब्लेड मोडली आणि कमान कमानीसारखी दिसेना. शेवटी अंबडला लेझर कटिंग करून आणलं, २,८००. महाग वाटतं, पण खिडक्यांच्या चौकटींसकट सगळं एका दुपारी कापून हातात आलं. लेझरने कापलेल्या कडा काळ्या पडतात, त्या पॉलिशपेपरने घासून घ्या. तशाच रंगवल्या तर पांढऱ्या पट्ट्यातून काळं डोकावतं.

१२ जुलै

नुकसान झालं. भिंती पाण्यातल्या प्रायमरने रंगवून मंडळाच्या खोलीत उभ्या करून ठेवल्या होत्या. रिपरिप थांबत नव्हती, खोलीला खिडकी एकच. आठवड्याने बघितलं तर दोन भिंतींच्या खालच्या कडा फुगून खाऱ्या बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेले. एमडीएफची कड पाणी पिते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी कड उघडी राहतेच.

त्या दोन भिंती टाकल्या, ११०० रुपये पाण्यात. नव्या भिंतींच्या चारही कडांना आधी सँडिंग सीलरचे दोन हात, ते वाळल्यावर ऑइल प्रायमर, मगच रंग. भिंती जमिनीवर टेकवायच्या नाहीत, खाली रिपा टाकायच्या. रात्री खोलीत शंभरचा बल्ब चालू ठेवायचं एकाने सुचवलं. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, बल्ब बाद. टेबलफॅन लावला, तोही कुणीतरी जागं असेपर्यंतच.

२० जुलै

विटा. पहिला प्रयत्न: विटांचं चित्र फ्लेक्सवर छापून चिकटवलं, ७०० रुपये. उजेड पडला की फ्लेक्स चमकतो आणि इमारत लग्नाच्या बॅनरसारखी दिसते. उचकटून काढलं, सोबत थोडा प्रायमरही गेला.

दुसरा प्रयत्न: गेरू. रंग अगदी हवा तसा आला, पण हात लावला की बोटं लाल. गेरूत पातळ केलेला फेविकॉल घातला, साधारण चार वाट्या कालवलेल्या गेरूला पाऊण वाटी. मग पकडला. विटांच्या रेघा पत्र्याचं स्टेन्सिल करून फिक्या करड्या रंगाने स्पंजने थोपटल्या. ब्रशने ओढल्या तर रंग स्टेन्सिलखाली पाझरतो. पांढरे पट्टे शेवटी, मास्किंग टेप लावून. टेप रंग ओला असतानाच काढायची.

तांबडं-पांढरं बांधकाम त्या काळच्या इंग्रजी धाटणीचं, 'ब्लड अँड बँडेज' नावाने ओळखलं जातं. आमच्या पोरांनी ते नाव इतकं उचललं की रंगाच्या डब्यांवर 'ब्लड' आणि 'बँडेज' लिहून ठेवलंय.

२६ जुलै

मनोरा उभा केला. यात वेळ गेला तो सुतारकामात नाही, मनोरा असतो कशाला हे समजून घेण्यात. आम्ही वर झेंडा लावणार होतो.

काकांनी सांगितलं, मनोऱ्याची कामं दोन. वर उभं राहून शहरात धूर कुठे दिसतो ते बघायचं; फोन घरोघर नव्हते तेव्हा माणसाचे डोळे हीच सूचना. आणि आतल्या पोकळीत होज, म्हणजे पाणी मारायचे पाइप, वाळत घालायचे. जुने होज कॅनव्हासचे. आगीवरून आलेला ओला होज तसाच गुंडाळला तर आत बुरशी धरतो, कुजतो आणि पुढच्या कॉलला दाब आला की फाटतो. म्हणून धुवायचा, उंच टांगायचा, पाणी निथळू द्यायचं. १५ मीटरचा होज मधोमध दुमडून टांगला तरी साडेसात मीटर उंची लागते, म्हणून मनोरा उंच. हिल स्ट्रीटच्या मनोऱ्यावरूनही पहारा व्हायचा आणि आत होज वाळायचे.

मग त्यांनी घरून होजचा जुना तुकडा आणला. ६३ मिलिमीटरचा, आतून रबराचं अस्तर असलेला, दोन्ही टोकांना कपलिंग, म्हणजे जोडणीची धातूची तोंडं. ओट्यावर तो सरळ पसरला, मधोमध दुमडला, वरची बाजू खालच्यापेक्षा जराशी मागे घेतली आणि दुमडलेल्या टोकाकडून गुंडाळायला घेतला. वयाची सत्तरी उलटलेली, पण गुडघा टेकून हात असे चालत होते की घडी एकदाही तिरकी गेली नाही. शेवटी दोन्ही कपलिंगं बाहेरच्या बाजूला, एकमेकांजवळ आली. याला डच रोल म्हणतात. एक टोक पंपाला लावायचं, दुसरं घेऊन पळायचं, वेटोळं आपोआप सुटत जातं. "एका टोकाकडून गुंडाळला तर दुसरं टोक पोटात अडकतं. मग आग जळत असते आणि तुम्ही सुतळीचा गुंडा सोडवत बसता."

आमचा मनोरा चारही बाजूंनी बंद होता. मागची बाजू कापून टाकली आणि आत बुटाच्या पांढऱ्या नाड्या दुमडून टांगल्या. नाडीचं टोक प्लास्टिकचं असतं, त्याला सोनेरी रंग दिला की कपलिंग तयार. ३० रुपयांचं काम, पण बघायला येणारे तिथेच सगळ्यात जास्त थांबणार असं आत्ताच दिसतंय. झेंडा रद्द.

३ ऑगस्ट

दारं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

बेत असा होता: पाचही दारं एकाच दांड्याला जोडायची आणि गाडीच्या वायपरच्या मोटरने दांडा मागेपुढे करायचा. मोटर जुन्या बाजारातून, ४५० ला एक, दोन घेतल्या. एक अडली तर दुसरी हवी. पाच दारांच्या दहा झडपा एका दांड्यावर बसवल्या, पण कुठली ना कुठली अडकायची आणि दांडा वाकायचा. बिजागऱ्या सैल केल्या तर दारं लोंबायला लागली. काकांना विचारलं, पाचही उघडायला हवीत का? ते म्हणाले, "कॉल एका गाडीचा असेल तर पाच दारं कोण उघडतं?" मधलं एकच दार चालतं ठेवलं. दोन दारं कायम उघडी, आत एकेक बंब दिसतो. उरलेली दोन बंद.

वीज. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर मोटर चालवली. मिनिटभर चालली, मग अडॅप्टर गरम होऊन वास यायला लागला. ३५० रुपये गेले. वायपरची मोटर सुरू होताना खूप करंट ओढते, तिला १० अँपिअरचा एसएमपीएसच (मोठा पॉवर सप्लाय) लागतो, आणि मध्ये फ्यूज. एसएमपीएस, स्विच, वायर, फ्यूज मिळून १,६५०.

त्यातले लिमिट स्विच फुकट गेले. दार उघडलं की मोटर थांबावी म्हणून ते आणले होते, पण बसेनात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने मोटर हातात घेतली आणि म्हणाला, "हिच्यात आहे की. पावसात वायपर बंद केला की काचेच्या मध्ये थांबतो का? खाली जाऊनच थांबतो ना?" मोटरलाच पार्किंगची जादा वायर असते, स्विच बंद केला तरी ती एक फेरी पूर्ण करून ठरलेल्या जागीच थांबते. ती वायर जोडली आणि दार दरवेळी व्यवस्थित मिटायला लागलं. हे आधी माहीत असतं तर एक शनिवार-रविवार वाचला असता.

१० ऑगस्ट

बंब बाहेर काढणं. दुसरी मोटर, तिला पुली आणि पुलीवरून नायलॉनची दोरी. दिवसभर चालवली की दोरी ताणते आणि बंब उंबऱ्यातच थांबतो. दार मिटताना त्याच्या पाठीत बसतं. दोरीऐवजी सायकलच्या ब्रेकची वायर लावली, प्रश्न मिटला. दार पूर्ण उघडल्याशिवाय बंबाची मोटर सुरूच होऊ नये म्हणून दारामागे वाया गेलेल्यांपैकी एक लिमिट स्विच बसवला. तेवढे पैसे वसूल.

पोरांना दोन गोष्टी हव्या होत्या, दोन्ही नाकारल्या. धुराचं मशीन: मांडवात गर्दी असताना धूर दिसला की मागच्या माणसाला तो देखाव्याचा आहे हे कळत नाही. सायरन: गल्लीत दहा दिवस खोटा सायरन वाजला तर अकराव्या दिवशी खऱ्याला कुणी वाट देणार नाही. त्याऐवजी भांडी बाजारातून पितळी घंटा आणायचं ठरलं होतं, तोवर एका वहिनींनी घरातली जुनी काढून दिली. ती लहान मुलांनी दोरी ओढून वाजवायची, मग कार्यकर्त्याने बटण दाबायचं. घंटेला मोटर लावायचा मोह आवरला, बरंच झालं.

१५ ऑगस्ट

माहितीचे फलक, छपाई १,८००. पहिल्या मसुद्यात इतका मजकूर होता की रांग शालिमार चौकापर्यंत गेली असती. तीनच ठेवले.

पहिला हिल स्ट्रीटचा, त्यात वर लिहिलेलीच माहिती. दुसरा खांबाचा: वरच्या मजल्यावरून घसरत खाली यायची युक्ती १८७८ मध्ये शिकागोत निघाली, गवताच्या गंजीसाठी वापरायच्या लाकडी खांबावरून एक फायरमन खाली आला तिथून. आमच्या प्रतिकृतीत खांब नाही, पण लहान मुलं तेच विचारणार हे माहीत होतं.

तिसरा काकांनी सांगून लिहून घेतला. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज उभं होतं, पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. कापसाला आग लागली, ती विझवायला दलाचे जवान जहाजावर गेले आणि दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यासाठी. मी 'शहीद', 'अमर' असे चार-पाच शब्द घातले होते, काकांनी सगळ्यांवर काट मारली. म्हणाले, आकडा आणि तारीख लिही, पुरे.

१९ ऑगस्ट

मांडवाच्या ना हरकत दाखल्यासाठी पाहणी झाली. साहेबांनी प्रतिकृती बघितली, कौतुक केलं, मग खिशातून टेप काढला. गल्ली १४ फूट. प्रतिकृती गल्लीकडे तोंड करून, तिच्यासमोर माणसांना उभं राहायला जागा धरून, मांडव ८ फूट पुढे आलेला. उरले ६. "बंब सव्वाआठ फूट रुंद आहे. तुमचं स्टेशन ओलांडून तो आत कसा येणार?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. काका त्या दिवशी गावाला होते, नाहीतर त्यांच्याकडूनही ऐकलं असतं.

उपाय त्याच रात्री काढला. प्रतिकृतीची पाठ भिंतीला लावली, पाट मागून कापून साडेतीन फुटांचा केला आणि समोर उभं राहायची जागाच काढून टाकली. लोक गल्लीतूनच एका ओळीत बघत पुढे सरकणार. मांडव साडेचार फुटांत बसला, साडेनऊ फूट मोकळे. बंबाच्या छतावर शिडी असते म्हणून मांडवाची कमानही उंच घेतली. पाट कापल्यामुळे एसएमपीएसला मागे जागा उरली नाही. तो मनोऱ्याखाली ठेवला, हवा जावी म्हणून दोन बाजूंना जाळी ठोकली. वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर हाताशी, मुख्य स्विच बाहेरच्या बाजूला. मांडव घालणाऱ्या सगळ्यांसाठी: तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेवर भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. मांडववाल्याला पैसे द्यायच्या आधी ते वाचा.

३१ ऑगस्ट

चार दिवस चालू आहे. दार नीट चालतंय. ब्रेकची वायर एकदा पुलीवरून उतरली, पुलीला पत्र्याची कड लावली. घंटेची दोरी तुटली, जाड लावली. गेरू मुलांच्या उंचीवर हात लागून उजळ झालाय, रोज रात्री डब्यातला 'ब्लड' काढून डागडुजी. अंदाज बरोबर निघाला: लोक बंब बघतात, फोटो काढतात आणि मग मनोऱ्यातल्या नाड्यांपाशी येऊन "हे काय?" विचारतात. काका रोज सात ते दहा तिथे खुर्ची टाकून बसतात आणि डच रोल करून दाखवतात. काल दोन वाड्यांतल्या लोकांनी मीटरखालच्या टाक्या हलवल्याचं सांगितलं. काका जाऊन बघून आले. एकाने हलवली होती, दुसऱ्याने टाकीवर चादर टाकली होती.

७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज उतरवणी. हिशेब: वर लिहिलेल्या खर्चात रंग, सीलर आणि प्रायमरचे १,९०० आणि टेम्पोचे ८०० धरून एकूण १९,३८०. बजेटपेक्षा १,३८० जास्त. फुगलेल्या भिंती, फ्लेक्स आणि अडॅप्टर मिळून २,१५० वाया गेले. ते टळले असते तर बजेटमध्येच बसलो असतो. वर्गणीतून भागवलं.

स्टेशन एका शाळेने एप्रिलमधल्या अग्निशमन सप्ताहासाठी मागितलंय. पाट माळ्याच्या दारातून जात नाही, म्हणून मधोमध कापून कड्या-कोयंड्यांनी जोडणार आहोत. मोटरच्या वायरींना रंगीत टेप लावून नंबर टाकलेत, पार्किंगची वायर पिवळी. मनोऱ्यातल्या नाड्या काकांनी काढून धुवायला नेल्या.